‘अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा’ : एका परीक्षाप्रश्नाचा इतिहास

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरातील ‘डू ॲज डायरेक्टेड’ हा प्रश्न आठवतो? ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा. ‘नो सूनर... दॅन’ वापरा. ‘व्हॉइस’ बदला. ‘डिग्री’ बदला. होकारार्थीचे नकारार्थी करा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक अट, कधी छापलेली, कधी बाईंनी वर्गात बजावलेली : अर्थ बदलता कामा नये.

आजचा धागा त्या अटीविषयी आहे. इतिहासाच्या धाग्यांत व्याकरण कुठून उपटले, असे वाटेल. पण वसाहतकालीन इतिहास वाचू पाहणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नातून जावेच लागते, आणि माझ्या मते आपल्याला तो चुकीचा शिकवला गेला.

आधी माझी कथा, थोडक्यात. मी मराठी माध्यमातला. घरात इंग्रजी शब्द औषधांच्या वेष्टनावरच दिसत. तरी ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये माझा गुण कधी गेला नाही, कारण ते गणितासारखे होते : सूत्र पाठ, उत्तर तयार. पुढे एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात एकोणिसाव्या शतकातील एका दंग्याविषयीच्या सरकारी अहवालाचा गोषवारा इंग्रजीत लिहायचा होता. मी एकेक वाक्य घेतले आणि शाळेत शिकलो तसे फिरवले. शब्द बदलले, रचना बदलल्या. नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच सापडले नाही. मार्गदर्शकांनी मात्र समासात एक ओळ लिहून वही परत केली : ‘वाक्ये तुमची आहेत, पण बोलतो आहे कलेक्टर.’

ती ओळ मला पुष्कळ दिवस कळली नाही. कळल्यावर हा प्रश्न आला कुठून, ते शोधत गेलो.

वाक्य फिरवून लिहिण्याचा सराव परीक्षांहून फार जुना आहे. रोमन शिक्षक क्विंटिलियन याने पहिल्या शतकातच, दुसऱ्याचे लेखन आपल्या शब्दांत मांडण्याचा सराव विद्यार्थ्यांसाठी सांगून ठेवला होता. १५१२ मध्ये एरॅस्मसने ‘दे कोपिया’ हे लॅटिन पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. ते लंडनच्या सेंट पॉल्स शाळेसाठी लिहिलेले होते. त्यात त्याने ‘तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला’ अशा अर्थाचे एक अगदी साधे वाक्य घेतले आणि ते शंभराहून अधिक प्रकारे लिहून दाखवले. कुठे पत्र कर्ता, कुठे आनंद कर्ता. कुठे उपमा, कुठे नकार, कुठे अतिशयोक्ती. पाहणाऱ्याला हा निव्वळ शब्दांचा सोस वाटेल. पण त्या यादीत काही वाक्ये मित्राला लिहिण्याजोगी आहेत, काही आश्रयदात्याला, आणि काही कोणालाच लिहू नयेत अशी. विद्यार्थ्याने सगळी पाहून त्यांतून एक निवडायचे, हा त्या सरावाचा हेतू होता. शंभर वाक्यांचा अर्थ तंतोतंत एकच असता, तर निवड करण्याचे कारणच उरले नसते.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, कारण त्यात शाळाच नाही. बेंजामिन फ्रँकलिन बोस्टनमध्ये आपल्या थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. शिक्षण दहाव्या वर्षीच सुटलेले. त्याच्या हाती लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकाचा एक सुटा खंड लागला. आपणही असे लिहावे, असे त्याला वाटले. मग त्याने काय केले? निबंधातील प्रत्येक वाक्याच्या आशयाची दोनचार शब्दांत टिपणे काढली, ती काही दिवस बाजूला ठेवली, आणि मूळ न पाहता टिपणांवरून पुन्हा पूर्ण वाक्ये लिहिली. नंतर मुळाशी ताडून चुका दुरुस्त केल्या. आपला शब्दसाठा तोकडा आहे, हे ध्यानात आल्यावर त्याने त्या गोष्टी पद्यात बांधल्या, कारण वृत्त आणि यमक साधताना एकाच अर्थाचे निरनिराळ्या लांबीचे शब्द धुंडाळावे लागतात. गद्य विसरत आले की पद्याचे पुन्हा गद्य करायचे. कधी टिपणे मुद्दाम विस्कटायची आणि काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावायचा. हे सारे रात्री काम संपल्यावर, पहाटे काम सुरू होण्यापूर्वी किंवा रविवारी. क्वचित एखाद्या किरकोळ जागी आपले वाक्य मुळाहून सरस उतरले, असे त्याला वाटे. ते त्याने आत्मचरित्रात थोड्या संकोचाने आणि पुष्कळ आनंदाने नोंदवले आहे.

या पद्धतीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. फ्रँकलिनपाशी उत्तरसूची होती, ती म्हणजे मूळ निबंध. पण ती बरोबर-चूक ठरवून संपत नव्हती. दोन वाक्यांत फरक काय पडला, हे त्याला स्वतःच पाहावे लागे.

आता हिंदुस्थानात येऊ. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मॅट्रिक ही नोकरीची गुरुकिल्ली झाली आणि उमेदवारांची संख्या वाढत गेली. हजारो उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांनी तपासायच्या, तर निबंधापेक्षा एकच उत्तर असलेला प्रश्न सोयीचा. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने, या देशात परीक्षा शिक्षणासाठी नसून शिक्षणच परीक्षेच्या दावणीला बांधले आहे, अशी तक्रार केली होती. सव्वाशे वर्षे होत आली. असो.

या बाजारपेठेला पुस्तके मिळाली. वायव्य प्रांत आणि अवध येथील शिक्षणखात्याचे प्रमुख राहिलेले जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणमाला १८९० च्या दशकात आली. मग १९३० च्या दशकात आले ‘रेन अँड मार्टिन’. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्याची लाल प्रत असेल. यातले पी. सी. रेन हे मोठे अजब गृहस्थ. विसाव्या शतकाच्या आरंभी ते कराचीत एका शाळेचे मुख्याध्यापक होते. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच मोडत असे. जगाला मात्र ते फ्रेंच फॉरिन लीजनवरच्या ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या साहसी कादंबरीचे लेखक म्हणून ठाऊक आहेत. या पुस्तकात वाक्यपरिवर्तनावर स्वतंत्र प्रकरण आहे : ‘टू’ची वाक्ये, तुलनेच्या ‘डिग्री’, प्रयोग, होकार-नकार, प्रश्न आणि उद्गार. आपला ‘डू ॲज डायरेक्टेड’ जवळजवळ त्याच क्रमाने चालतो.

मराठी मुलखात याच्या शेजारी आणखी एक परंपरा होती : द्वारकानाथ रघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. आजोबांच्या पिढीला विचारा. मराठी वाक्याचे इंग्रजी, इंग्रजीचे मराठी, धड्यामागून धडा. ती पद्धत कंटाळवाणी होती, हे मान्य. परंतु तिच्यात विद्यार्थ्याला दोन भाषांच्या मधल्या दरीवरून रोज चालावे लागे, आणि दरी आहे हे तो विसरू शकत नसे.

‘व्हॉइस’च्या सूत्राने ती दरी बुजवून टाकली. आपल्याला सांगितले गेले : ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. आता ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. चिंच असती तर ‘खाल्ली’ झाले असते. पण इंग्रजीत याचे सरळ भाषांतर ॲक्टिव्हच होते. राम पुढे उभा आहे, त्याला कोणी लपवलेले नाही. इंग्रजी पॅसिव्हची छाया पडते ती ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ या वाक्यावर, आणि आपली शालेय व्याकरणे त्याला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, इंग्रजीच्या धर्तीवरचा प्रयोग म्हणून. म्हणजे इंग्रजीचा सराव आपण केला, आणि मराठीत एक रचना मुक्कामाला आली. सरकारी परिपत्रकांतील ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’ हीही त्याच वळणाची वाक्ये. कोण करते आहे, कोण कळवते आहे, हे शोधत बसा.

इथे मला माझ्या वहीतली ती ओळ उमगली. हा चढता (की उतरता?) क्रम पाहा :

‘द पोलीस फायर्ड ऑन द क्राउड.’
‘द क्राउड वॉज फायर्ड ऑन बाय द पोलीस.’
‘द क्राउड वॉज फायर्ड ऑन.’
‘फायरिंग टुक प्लेस.’
‘ऑर्डर वॉज रिस्टोअर्ड.’

पहिल्या वाक्याचे दुसरे करा, तुम्हाला पूर्ण गुण. ‘बाय द पोलीस’ गाळून तिसरे लिहिले तरी व्याकरण बिनचूक. चौथ्यात गोळीबार पावसासारखा आपोआप होतो. पाचव्यात तर गोळीही नाही, फक्त सुव्यवस्था आहे. एकाही पायरीवर कोणी खोटे बोललेले नाही. मी वाचलेला अहवाल चौथ्या-पाचव्या पायरीवर लिहिलेला होता, आणि मी त्या पायरीवर उभा राहून इमानदारीने समानार्थी शब्द बदलत होतो.

‘टू’चेही तसेच. ‘ही इज टू पुअर टु पे द टॅक्स’ याचे ‘ही इज सो पुअर दॅट ही कॅनॉट पे द टॅक्स’ हे उत्तर आपण झोपेतही देऊ. आता तीच वस्तुस्थिती अशी लिहा : ‘द टॅक्स इज टू हाय फॉर हिम टु पे.’ पहिल्या दोन वाक्यांत उणेपणा रयतेच्या दारिद्र्यात आहे. तिसऱ्यात तो साऱ्याच्या दरात आहे. शेतकरी तोच, थकबाकी तीच. रयतवारीच्या मुलखातील महसुली कागद वाचणाऱ्याने हे तिसरे वाक्य स्वतः रचून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला वाटते. परीक्षेत मात्र ते चूक ठरेल, कारण सूत्रात बसत नाही.

‘हे जरा ताणलेले आहे, एका वाक्याने काय होते,’ असे म्हणणाऱ्यांसाठी १८९७ सालातील एक शब्द.

भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये घातलेले कलम १२४-अ, म्हणजे राजद्रोह. त्याच्या केंद्रस्थानी शब्द होता ‘डिसअफेक्शन’. कायद्याने त्याची पुरेशी व्याख्या दिली नव्हती. तेव्हा न्यायाधीशांपुढचे काम शाळकरीच होते : हा शब्द न वापरता तेच पुन्हा सांगा. १८९१ मध्ये कलकत्त्यात ‘बंगवासी’ पत्रावरच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश पेथराम यांनी तो असा फोडला : ममतेच्या विरुद्ध असलेली भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष. त्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पुढे माफीनंतर प्रकरण मिटले.

१८९७ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर खटला उभा राहिला, तो १५ जूनच्या ‘केसरी’तील मजकुराबद्दल. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावताना तोच शब्द पुन्हा फोडला, आणि या वेळी निघाले : ममतेचा अभाव. पुढे त्यांनी द्वेष, वैर, तिरस्कार असे शब्दही जोडले. पण गाजले ते ‘अभाव’ हे स्पष्टीकरण. ‘विरुद्ध’च्या जागी ‘अभाव’. ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये दोन्ही उत्तरांना कदाचित गुण मिळाले असते. पण पहिल्या व्याख्येत गुन्हा होण्यासाठी मनात काहीतरी असावे लागते. दुसरीत मनात काही नसले, एवढेच पुरते. सरकारवर प्रेम नसलेला प्रत्येक जण उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकाल सहा विरुद्ध तीन. अठरा महिने सक्तमजुरी.

आता रानडे. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील ‘प्रतोद’ या पत्राचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे आले आणि त्या पीठावर न्यायमूर्ती रानडे होते. त्यांनी आपल्या निकालपत्रात या शब्दाची मांडणी वेगळी केली : हा ममतेचा किंवा सद्भावाचा नुसता अभाव नव्हे, तर राजनिष्ठेला विरोधी अशी एक प्रत्यक्ष, ठाम विमुखता आहे. रानडे सरकारी न्यायाधीश होते, बंडखोर नव्हते. त्यांनी तो कायदा नाकारला नाही. पण परक्या भाषेतील एका उपसर्गाची दोन रूपांतरे समानार्थी नाहीत, हे त्यांनी त्या भाषेतच दाखवून दिले. १८९८ मध्ये सरकारने कलमच दुरुस्त केले आणि ‘डिसअफेक्शन’मध्ये राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सर्व भावना येतात, असे स्पष्टीकरण त्यात घातले. म्हणजे तिसरे रूपांतर, आणि हे कायद्याच्या पुस्तकात.

टिळकांनीही धडा घेतलेला दिसतो. १९०८ च्या खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली, आणि त्यांच्या भाषणाचा मोठा भाग ‘केसरी’तील मराठी शब्दांची सरकारी इंग्रजी भाषांतरे कशी बिघडलेली आहेत, हे दाखवण्यात गेला. भाषांतरकाराची उलटतपासणीही त्यांनीच घेतली. शिक्षा टळली नाही, हे आपल्याला माहीत आहे. तरी त्या खटल्याचा वृत्तांत कायद्यासाठी नव्हे, तर वाक्यरूपांतराचा सराव म्हणून एकदा वाचावा, असे मी सुचवीन.

मग हे स्वाध्याय बंद करावेत का? असे म्हणणारे शिक्षणतज्ज्ञ आहेत. एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून काही वर्षे बंगळूर प्रकल्पात व्याकरणाच्या घोकंपट्टीऐवजी प्रत्यक्ष कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला, आणि तो जगभर अभ्यासला गेला. त्या विचाराविषयी मला आदर आहे. पण ज्याच्या कानावर घरी इंग्रजी कधी पडलेच नाही, त्याला वाक्याचे हाडमांस हाताळायला मिळते ते याच स्वाध्यायांत. ‘सो... दॅट’ मला रेन अँड मार्टिननेच दिले. दुसरे कोण देणार होते? शिडी मोडकी आहे म्हणून ती काढून घ्या, हा सल्ला बहुधा वरच्या मजल्यावरून येतो. माझी तक्रार फक्त अटीवर आहे. ‘अर्थ न बदलता’ असे म्हणण्याऐवजी ‘काय बदलले ते एका ओळीत लिहा’, एवढे विचारा. तपासायला वेळ लागेल, हे खरे.

तुमच्यापैकी जे परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस किंवा केंब्रिजच्या परीक्षांची तयारी करत आहेत, त्यांना हा सराव करावाच लागणार आहे. (केंब्रिजची पहिली ‘प्रोफिशियन्सी’ परीक्षा १९१३ मध्ये झाली तेव्हा उमेदवार होते तीन!) मग तो इतिहासाच्या मजकुरावरच करा. मी असा करतो : जुन्या गॅझेटियरमधील किंवा अहवालातील एक परिच्छेद घ्यायचा, प्रत्येक वाक्याचे मराठीत दोनतीन शब्दांचे टिपण काढायचे, मूळ पान मिटून दोन दिवस थांबायचे, मग टिपणांवरून इंग्रजी वाक्ये लिहायची. हे फ्रँकलिनचेच, मध्ये फक्त तर्खडकर. टिपण मराठीत असल्याने मुळातले इंग्रजी शब्द आपोआप गळतात आणि वाक्य खरोखर आपले होते. शेवटी मूळ काढून शेजारी ठेवायचे. कर्ता कुठे गेला? विशेषण कोणाच्या पदरात पडले? ‘कॅनॉट’ होते तिथे ‘डिड नॉट’ झाले का? पहिले काही आठवडे दिवसाला एकच वाक्य होईल. माझे तेवढेच होत असे.

आजचा स्वाध्याय. वाक्य माझेच आहे, पण असली वाक्ये तुम्हाला अभिलेखागारात शेकड्याने भेटतील : ‘ड्युरिंग द फॅमिन, ग्रेन वॉज एक्सपोर्टेड अँड मेनी लाइव्ह्ज वेअर लॉस्ट.’

हे पाच प्रकारे लिहा. निदान दोन वाक्यांत कर्ता असू द्या. मधला ‘अँड’ काढून तिथे दुसरे अव्यय घालून पाहा, आणि प्रत्येक वाक्याखाली, हे वाक्य कोणी लिहिले असते, ते नोंदवा : जिल्हाधिकारी, धान्याचा व्यापारी, गावचा पाटील, की दुष्काळातून वाचलेला कोणी. उत्तरे इथेच खाली द्या. रविवारी सगळी वाचतो.